नासपतीची चोरी

मराठीतला 'गुन्हा' आणि आमच्या घरातला 'गुनाह' हा मुळात एकच शब्द. फारसीतून तो मराठीत आला आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसला. गुन्हा दाखल होतो, गुन्हा शाबित होतो, गुन्ह्याला कलम असते. घरात मात्र अम्मी म्हणायची, 'नको करू रे, गुनाह लगता.' तिथे ना फिर्यादी, ना साक्षीदार. अंधारात कुणी पाहिले नाही तरी तो लागायचाच. मोठे होता होता आम्ही या घरातल्या शब्दाकडून बाहेरच्या शब्दाकडे कधी सरकलो, ते कळलेही नाही. आज आपल्यापैकी बहुतेकांना गुन्ह्याची भीती आहे. गुनाहची किती उरली आहे, हे ज्याचे त्याने पाहावे.

हा प्रश्न मनात घोळत असताना आम्ही ख्रिस्ती धर्मातल्या काही माणसांचे लेखन आणि चरित्रे वाचत होतो. मुस्लिम वाचकांपुढे ख्रिस्ती माणसाच्या पापाची चर्चा कशाला, असे कुणी विचारील. दुसऱ्याची पापे मोजण्याची आपल्याला हौस असतेच, तेव्हा खुलासा करतो की, ही मोजदाद नाही. स्वतःच्या पापाकडे टक लावून कसे पाहावे याची एक दीर्घ परंपरा त्या धर्मात आहे. तिच्यात मोठी माणसे झाली, मोठ्या चुकाही झाल्या. त्या दोन्हींतून आम्हाला जे दिसले ते सांगायचे आहे.

आजच्या अल्जीरिया देशात सूक अहरास नावाचे शहर आहे. रोमन काळात त्याचे नाव थगास्ते. तिथे इसवी सन 354 मध्ये ऑगस्टीनचा जन्म झाला. पुढे तो बिशप झाला आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर त्याच्याइतका ठसा क्वचितच कुणाचा उमटला. चाळिशी ओलांडल्यावर त्याने आपल्या कबुलीजबाबाचा ग्रंथ लिहिला. तेरा भागांचा हा ग्रंथ म्हणजे अल्लाहशी केलेले एक लांबलचक बोलणे आहे. त्यात तो आपल्या सोळाव्या वर्षातली एक गोष्ट सांगतो. शेजारच्या बागेत नासपतीचे एक झाड होते. एका रात्री तो आणि त्याचे टवाळ सोबती तिथे गेले, झाड हलवून फळे पाडली आणि ओझेभर घेऊन आले. ती फळे काही विशेष नव्हती. ऑगस्टीनच्या घरी याहून चांगली होती. भूक नव्हती, गरज नव्हती. थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली.

एवढीच गोष्ट. पण ती तो सोडत नाही. मी हे का केले, असे पुन्हापुन्हा विचारतो. चोर पैशासाठी चोरतो, खुनी सूडासाठी मारतो, प्रत्येक पापामागे काही तरी हवेसे असते. मग इथे काय हवे होते? त्याला सापडलेले उत्तर अंगावर काटा आणणारे आहे: हवी होती ती चोरीच. मनाई होती म्हणून गोडी होती. आणि आणखी एक गोष्ट तो नोंदवतो. आपण एकटे असतो तर हे केले नसते. चारचौघांत 'चला' म्हटल्यावर मागे राहण्याचीच लाज वाटली.

चार फळांसाठी एवढा आक्रोश कशाला, असे विद्वानांनीही विचारले आहे. आम्हाला मात्र तो खरा वाटतो. मोठ्या पापांना कारणे सापडतात. परिस्थिती होती, वय होते, फसवले गेलो. नासपतीला कारण सापडत नाही, म्हणून तिथे माणूस स्वतःला उघडा दिसतो. आम्ही आमची नासपती शोधू लागलो तेव्हा फार शोधावे लागले नाही. कुणाची तरी केलेली निष्कारण चेष्टा, जमातीच्या बैठकीत सगळे हसले म्हणून आम्हीही हसलो ती एक निंदा. त्यात आमचा एका पैशाचा फायदा नव्हता.

पण याच ग्रंथात एक दुसरी जागा आहे. तिथे आम्ही थांबलो आणि ऑगस्टीनवरचा आमचा विश्वास जरा डळमळला. तरुणपणी तो एका स्त्रीबरोबर जवळपास पंधरा वर्षे राहिला. तिच्यापासून त्याला मुलगा झाला, आदेओदातस नावाचा. पुढे मोठ्या घरातल्या मुलीशी लग्न ठरू लागले, तेव्हा या स्त्रीला वाटेतून बाजूला करण्यात आले. ती आफ्रिकेला परत गेली. यापुढे दुसरा पुरुष जवळ करणार नाही अशी शपथ घेऊन गेली, आणि मुलाला त्याच्याजवळ ठेवून गेली. आपले काळीज फाटले, रक्तबंबाळ झाले, असे ऑगस्टीन सांगतो. पण सांगतो थोड्या ओळींत, आणि सांगतो ते आपल्या काळजाविषयी. तिचे काय झाले? तिचे नावसुद्धा त्या ग्रंथात नाही. नासपतीवर पानेच्या पाने, आणि जिच्यावर अन्याय झाला ती निनावी.

ऑगस्टीनला कमी लेखण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. त्या काळाच्या रीतीत ते बसत होते, असे इतिहासकार म्हणतील. तरी प्रश्न उरतोच. आपल्या आत्म्याच्या जखमेकडे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाला दुसऱ्याला झालेली जखम निसटती दिसू शकते. पापाविषयी गंभीर असणे आणि ज्याचे नुकसान केले त्याच्याविषयी गंभीर असणे, या दोन गोष्टी आपोआप एकत्र येत नाहीत.

येथे धर्मशास्त्रातल्या एका मोठ्या फरकाचा उल्लेख करायला हवा. आदमचे पाप सगळ्या मानवजातीत उतरले, मूल जन्मते तेच त्या वारशासह, हा विचार ख्रिस्ती जगात पक्का करण्यात ऑगस्टीनचा वाटा सर्वांत मोठा. इस्लाम हे मानत नाही. सूरह बकरामध्ये आदमला अल्लाहनेच क्षमायाचनेचे शब्द शिकवले आणि त्याची तौबा कबूल केली, असे आहे. कुणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, असेही कुरआन सांगते. मूल फितरतवर, निर्मळ जन्मते. हा आमचा अकीदा आहे आणि तो आम्हाला प्रिय आहे. पण या अकीद्याचा आपण एक गैरफायदा घेतला आहे, असे आम्हाला वाटते. जन्मतः निर्मळ असण्याचे आपण मरेपर्यंत निर्मळ असण्यात रूपांतर करून टाकले. ख्रिस्ती माणूस निदान दर रविवारी स्वतःला पापी म्हणतो. सवयीने म्हणतो, हेही खरे.

सवयीचे काय होते, ते चर्चच्या इतिहासात पाहावे. 1215 साली लॅटरनच्या चौथ्या परिषदेने नियम केला की, प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून निदान एकदा धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली द्यावी. धर्मगुरूने ऐकलेले कुणालाही सांगायचे नाही, हे बंधन आजही तितकेच कडक आहे. स्वतःच्या तोंडाने, दुसऱ्या जिवंत माणसासमोर, 'मी अमुक केले' असे म्हणावे लागणे ही सोपी गोष्ट नाही. पण नियमामागून व्यवहार आला. सोळाव्या शतकाच्या आरंभी युरोपात पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे पैसे घेऊन दिली जात होती. रोममधल्या सेंट पीटरच्या भव्य चर्चच्या बांधकामाला तो पैसा हवा होता. योहान टेट्झेल नावाचा धर्मगुरू जर्मनीत गावोगाव ती खपवीत होता.

त्याच्याविरुद्ध 31 ऑक्टोबर 1517 रोजी मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये आपले 95 सिद्धांत पुढे ठेवले. ल्यूथर ऑगस्टीनच्याच नावाने चालणाऱ्या पंथातला संन्यासी. तरुणपणी त्याची अवस्था अशी होती की, कबुली देऊन बाहेर पडला की राहिलेले एखादे पाप आठवून तो परत जायचा. ऐकणारे थकून जायचे. आपल्याकडे वुजू झाला की नाही या शंकेने पुन्हापुन्हा हातपाय धुणारे वहमी लोक असतात, त्यांची आठवण यावी. पापाची भीती माणसाला अशी पोखरूही शकते. तरीही त्या 95 सिद्धांतांतल्या पहिल्याचाच आशय असा आहे की, श्रद्धावंताचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप असावे. विकत घेतलेल्या कागदाने हिशेब मिटत नाही.

पुढे चारशे वर्षांनी ल्यूथरच्याच अनुयायांत हा कागद वेगळ्या रूपाने परत आला. डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन पाळक नाझी राजवटीत एक बेकायदा ठरवलेली धर्मशिक्षणाची शाळा चालवीत होता. 1937 मध्ये त्याचे ख्रिस्ताच्या अनुयायित्वाविषयीचे पुस्तक आले. त्यात त्याने 'स्वस्त कृपा' ही कल्पना मांडली. पश्चात्तापाशिवाय क्षमा, कबुलीशिवाय सुटका, आयुष्यात काहीही न बदलता मिळणारा दिलासा, हे सगळे त्याने या नावाखाली घातले. अल्लाह माफ करणारच आहे, मग चालू द्या, ही ती वृत्ती. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या पुस्तकात तो आणखी खोल गेला. आपण फक्त देवापुढे, एकांतात कबुली देतो, तेव्हा बऱ्याचदा आपणच आपल्याला माफ करीत असतो, अशी शंका त्याने घेतली. समोर बंधू असला की ही फसवणूक अवघड होते. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लॉसेनबर्गच्या छळछावणीत त्याला फाशी देण्यात आले. तो 39 वर्षांचा होता.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ऑक्टोबर 1945 मध्ये, जर्मन प्रॉटेस्टंट चर्चच्या नेत्यांनी श्टुटगार्ट येथे आपल्या अपराधाची जाहीर कबुली दिली. आपल्यामुळे अनेक देशांवर आणि लोकांवर अपरंपार दुःख कोसळले, आपण पुरेशा धैर्याने उभे राहिलो नाही, असे त्यांनी म्हटले. पराभूत, उद्ध्वस्त देशात एवढे म्हणणेही कठीण होते आणि त्यांना घरच्यांच्याच शिव्या खाव्या लागल्या. पण त्या निवेदनात ज्यू हा शब्द नाही. लाखोंनी मारले गेले त्यांचे नाव कबुलीत आले नाही. ऑगस्टीनच्या त्या निनावी स्त्रीची आम्हाला इथे पुन्हा आठवण झाली.

मग ख्रिस्ती परंपरेत नाव घेऊन केलेली कबुली कुठे आहे? ती हजरत इसा अलैहिस्सलाम यांच्याच एका प्रसंगात आहे. लूकच्या शुभवर्तमानात यरीहो गावच्या जक्कयची गोष्ट येते. मराठी बायबलात त्याला मुख्य 'जकातदार' म्हटले आहे. आमच्या वाचकांनी दचकू नये, ही नाक्यावरची जकात, आपली नव्हे. रोमनांसाठी कर गोळा करणारा, त्यात स्वतःचे खिसे भरणारा हा बुटका माणूस इसांना पाहायला झाडावर चढतो. ते त्याच्या घरी जातात. लोक कुरकुरतात. तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो की, मी अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देतो, आणि कुणाला फसवून काही घेतले असेल तर चौपट परत करतो. मी पापी आहे, असे तो म्हणतच नाही. तो आकडा सांगतो. आणि इसा म्हणतात की, आज या घराला तारण मिळाले. मत्तयच्या शुभवर्तमानातही त्यांची शिकवण अशीच आहे: वेदीवर अर्पण घेऊन आलास आणि भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातही हे स्पष्ट आहे. क्षमेने पाप जाते, पण झालेले नुकसान भरून निघत नाही. चोरलेले परत करावे लागते, बदनामी केली असेल तर अब्रू परत मिळवून द्यावी लागते.

आपल्या महाराष्ट्रातही या परंपरेची खूण आहे. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. 1907 मध्ये आपल्या जीवनाची साक्ष लिहिताना त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. आपण स्वतः पापी आहोत आणि पुस्तकी पटण्याने ते पुसले जात नाही, याचा त्यांना तेव्हा उमज पडला. विधवांसाठी घर काढणारी, दुष्काळातल्या मुली वाचवणारी ही बाई. चांगली कामे तिच्या खाती ढीगभर होती. तरी तिला तो हिशेब पुरला नाही. 1905 साली पुणे जिल्ह्यातल्या केडगावला, त्यांच्या मुक्ती सदनात, मुली आणि बाया तासन्‌तास रडत आपापली पापे बोलून दाखवीत होत्या. तो आवेश आम्हाला परका वाटतो, आणि इतक्या मोठ्या आवाजातल्या पश्चात्तापात एकमेकींचे पाहून रडणेही थोडे असणार. (ऑगस्टीनने सोबत्यांविषयी जे सांगितले ते पुण्यालाही लागू असेल.) पण धर्म मिळणे आणि धर्माने आपल्याला पकडणे यांत अंतर असते, हे रमाबाईंनी लिहिलेले मात्र परके वाटत नाही.

आता आपल्याकडे वळतो. अल्लाह आणि बंदा यांच्यामध्ये कुणी पाद्री नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. तो योग्यही आहे. पण मध्ये कुणी नाही म्हणजे समोरही कुणी नाही, असे आपण धरून चाललो. आपल्या उलेमांनी तौबाच्या अटी सांगितल्या आहेत. केलेल्याचा पस्तावा, ते तत्काळ सोडणे, पुन्हा न करण्याचा निश्चय. आणि गुनाह बंद्याच्या हक्काचा असेल तर चौथी अट, त्याचा हक्क त्याला परत देणे. 1095 मध्ये बगदादच्या निजामियातली मानाची जागा सोडून निघून गेलेल्या इमाम गजालींनी 'इह्या'च्या शेवटच्या चतुर्थांशाची सुरुवातच तौबाच्या प्रकरणाने केली आहे. त्यांच्याही आधी, नवव्या शतकात, बगदादमध्ये हारिस मुहासिबी होऊन गेले. स्वतःचा हिशेब घेण्यावरूनच, मुहासबावरूनच त्यांचे नाव पडले. आणि 'सहीह मुस्लिम'मधली ती हदीस आपण मौलवींच्या तोंडून किती वेळा ऐकली आहे! खरा दिवाळखोर कोण? कयामतच्या दिवशी नमाज, रोजे, जकात सगळे घेऊन येईल तो, पण त्याने कुणाला शिवी दिलेली असेल, कुणाचा माल खाल्लेला असेल, आणि त्याची सगळी नेकी त्या लोकांना वाटून संपेल.

हे सगळे आपल्याला पाठ आहे. आणि शब-ए-बरातच्या रात्री मोबाइलवर संदेश येतो: माझ्याकडून कळत नकळत काही चुकले असेल तर माफ करा. हाच संदेश दोनशे जणांना गेलेला असतो. हजला निघताना घरोघर जाऊन 'कहा-सुना माफ करा' म्हणायचा आपला जुना रिवाज. त्यामागची भावना थोर होती. पण समोरचा लगेच म्हणतो, 'अरे, माफच आहे,' चहा येतो, विषय संपतो. काय सांगितले, काय ऐकले, कुणाचे काय घेतले, यातले काहीच उच्चारावे लागत नाही. टेट्झेलच्या कागदाला निदान पैसे पडत होते.

आम्ही हे दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. अब्बांच्या पश्चात पाच एकर जमीन राहिली. आम्ही दोन भाऊ आणि एक बहीण, अम्मी आधीच गेलेली. सूरह निसाचा हिशेब पोरही सांगेल: भावांना दोन-दोन एकर, बहिणीला एक. मयतीनंतर वारस नोंद झाली आणि काही महिन्यांनी आपाला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली. कुणी जबरदस्ती केली नाही. आपाचे माहेर तुटायला नको, भाचरांच्या लग्नात मामा उभे राहायला हवेत, एवढे तिला न सांगता कळत होते. गावात सगळेच असे करतात. सगळे हसले म्हणून हसलो, तसेच हेही. थोरले भाईजान पुढे हजला गेले तेव्हा आपाच्या घरीही 'कहा-सुना माफ कर' म्हणून आले. ती म्हणाली, 'माफच आहे, भाईजान. माझ्यासाठी दुआ करा.'

ऑगस्टीन वाचून झाला आणि ही गोष्ट काही केल्या डोक्यातून जाईना. शेवटी गेल्या हिवाळ्यात आम्ही आपाकडे गेलो. इकडचे तिकडचे पुष्कळ बोलून झाले, जेवण झाले. मग कसेबसे म्हटले, 'आपा, तुझा एक एकर होता. तो आम्ही खाल्ला.' ती ताटे उचलत होती. बराच वेळ काही बोलली नाही. 'असं कसं बोलतोस, माफ केलंय मी तेव्हाच' असे ती म्हणेल, अशी आमची आतून आशा होती, हे कबूल केले पाहिजे. ती म्हणाली, 'कुठला? विहिरीकडचा?'

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून त्या जमिनीचा एक शब्द निघाला नव्हता. आम्ही 'हो' म्हटले. त्या तुकड्यात अब्बांनी लावलेली दोन सीताफळे अजून आहेत का, असे तिने विचारले. एक आहे.

आता वकील म्हणतात, बक्षीसपत्र करावे लागेल, मोजणी आणावी लागेल, स्टॅम्पचा खर्च येईल. आमच्या वाट्यातून जे द्यायचे ते देता येते, पण विहीर सामाईक आहे आणि तिच्याकडचा बांध भाईजानांच्या नावावर. त्यांचे म्हणणे, आपाने माफ केले आहे, तू नवीन काय काढतोस. त्यांची सही अजून झालेली नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्यांच्याकडे जायचे आहे.